निळ्या काठाचं दूध

पंचफुलाबाईंच्या दुधात पाणी असतं, असं म्हणणारा माणूस नंदनवन वस्तीत अजून जन्माला यायचा होता. एकदा एका नव्या भाडेकरणीने नुसतं विचारलं होतं, "आज दूध जरा पातळ वाटतं का हो?" त्या बिचारीचा रतीब दुसऱ्याच दिवशी बंद झाला. तिच्या नवऱ्याने गोठ्यात येऊन, शेणात उभं राहून, नत्थूजींच्या मध्यस्थीने माफी मागितली, तेव्हा कुठे तो पुन्हा सुरू झाला. दूध होतं तेच आलं, पण भाडेकरणीला ते एकाएकी फार दाट वाटायला लागलं.

नत्थूजी म्हणजे पंचफुलाबाईंचे यजमान. गाईंचं चारापाणी बघायचं, सायकलला कॅन लटकवून शहराच्या महाल भागातल्या गिऱ्हाइकांकडे जायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, एवढी त्यांची कामं. बोलण्याचं खातं बाईंकडे होतं आणि त्या ते मन लावून सांभाळत. नत्थूजींना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे खरवस. गाय व्याली की वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस घरी व्हायचा, गल्लीत वाटला जायचा, आणि त्या दोन दिवसांत नत्थूजींच्या तोंडून चार वाक्यंसुद्धा निघायची.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. नंदनवन तेव्हा नुकतं वसत होतं. दोन घरं झाली की एक मोकळा प्लॉट, आणि मोकळ्या प्लॉटवर गाई. पंचफुलाबाईंच्या गोठ्यात पाच होत्या. चंद्री सगळ्यात जुनी, बाईंच्या माहेराहून आलेली. तिची लेक लाडी, आणि मग मोहरी, ढवळी, कपिली. बाईंच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्यापासून घरात हाक मारायला याच पाचजणी उरल्या होत्या. नत्थूजी हाकेला ओ देत, पण गाईंइतक्या लवकर नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ताराचंदचा गोठा होता. ताराचंदच्या दुधाबद्दल कोणाची तक्रार नसायची, कारण त्या दुधाकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. ते स्वस्त होतं आणि चहा काळा राहू नये इतपत पांढरं होतं. तरी पंचफुलाबाईंना त्याचं नाव काढलं की राग यायचा. पाणी घालूनही माणूस सुखाने झोपू शकतो, याचाच त्यांना राग होता.

अशा गल्लीत एका संध्याकाळी डॉक्टर मधुसूदन स्कूटरवरून आले. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ते संशोधन करत होते. वय कोवळं, चष्मा जाड आणि स्वभाव घाईचा. स्कूटरला लाकडी पेटी बांधलेली आणि पेटीत काचेच्या नळ्या. त्या नळ्या पाहिल्या आणि बाईंनी पदर खोचला.

"कायची तपासणी हाय बापू? पाण्याची? घ्या नं. आत्ताच घ्या. मी काई भेत नाही."

"पाण्याची नाही मावशी," डॉक्टर म्हणाले. "गाईंना एक रोग होतो. वासरू दिवस भरायच्या आधीच पडतं, गाय गाभडते. तोच रोग दुधातून, शेणामुतातून माणसाला लागला, तर त्याला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. महिनोन्महिने सांधे दुखतात, आणि आम्ही मलेरिया समजून औषध देत बसतो. म्हणून मला गाईंचं दूध बघायचंय, आणि गाईंचं करणाऱ्या माणसांचं रक्तही."

"मंग दुधात काय दिसते?"

"रोगाशी लढणारे शिपाई असतात. प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण मी एक निळा थेंब टाकला की ते असले तर वर्तुळ उमटतं."

डॉक्टर सांगत होते ते सगळं खरं होतं आणि पंचफुलाबाईंनी ऐकलंही नीट. पण ऐकलेलं डोक्यात कोणत्या खणात ठेवायचं, हे माणूस आपल्या अनुभवावरून ठरवतो. आजवर काचेची नळी घेऊन जो कोणी आला तो दूध चांगलं की वाईट हेच ठरवायला आला होता. आता हा म्हणतो, दुधात शिपाई असतात. मग ज्या दुधात शिपाई जास्त ते दूध चांगलं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

"आमच्या दुधात असतीनच न शिपाई," बाई म्हणाल्या. "लय असतीन. ताराचंदकडे पाहा, तिथी एखादा सापडला तं."

डॉक्टर हसले आणि घाईघाईने गाई बघायला लागले. प्रत्येक गाईच्या नावाची चिठ्ठी लावून एकेक बाटली त्यांनी बाईंच्या हाती दिली आणि सकाळी भरून ठेवायला सांगितलं. लाडीपाशी मात्र ते थांबले. लाडी आदल्या दिवशीच व्याली होती, वासरू अजून पाय फाकवून उभं राहायला शिकत होतं.

"हिचं नको," असं म्हणून त्यांनी पाचवी बाटली पुन्हा पेटीत टाकली. "नुकती व्यालेली गाय चालत नाही."

का चालत नाही ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. अंधार पडायच्या आत त्यांना ताराचंदकडेही बाटल्या द्यायच्या होत्या.

पंचफुलाबाईंना ती गोष्ट फार लागली. गोठ्यातली सगळ्यात देखणी, सगळ्यात दुधाळ गाय, आणि ती म्हणे चालत नाही! नत्थूजींच्या ताटात भाकरी टाकताना त्या म्हणाल्या, "लाडीले नाही म्हणते! ताराचंदच्या त्या मरतुकड्या गाई चालते, अन् आमची लाडी नाही चालत. काहून?"

नत्थूजींनी भाकरी खाल्ली. त्यांचं लक्ष दुसऱ्या दिवशी होणाऱ्या खरवसाकडे होतं.

सकाळी बाईंनी चार गाईंचं दूध काढलं, चार बाटल्या भरल्या आणि ओट्यावर ओळीने मांडल्या. शेजारीच लाडीच्या चिकाचा पितळी गडू होता, वर फडकं बांधलेला. बाईंनी एकदा बाटल्यांकडे पाहिलं आणि एकदा गडूकडे. चिकात केवढी ताकद असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. काल जन्मलेलं वासरू आज उभं करतो तो चीक. शिपाई असतील तर इथे पलटणच्या पलटण असणार. त्यांनी चारही बाटल्या अर्ध्या रिकाम्या केल्या आणि चिकाने काठोकाठ भरून बुचं लावली. लाडीला तपासणीत मागच्या दाराने प्रवेश मिळाला.

यात काही फसवाफसवी आहे, असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दुधात पाणी टाकणं म्हणजे मिसळणं. दुधात चीक टाकणं म्हणजे पाहुण्याच्या पोळीवर आपण होऊन तूप वाढणं. आणि खरं सांगायचं तर ताराचंदच्या नाकावर टिच्चून पास होण्याची संधी त्यांना सोडवत नव्हती.

डॉक्टर आले, बाटल्या घेतल्या आणि आधी दोघांचं रक्त काढायला बसले. बाईंनी दंड पुढे केला आणि सुई आत असतानाही बोलत राहिल्या. नत्थूजींना सुई टोचायची गरजच पडली नाही. ती नुसती दिसताच ते मोहरीच्या गव्हाणीत आडवे झाले. मोहरीने त्यांचं टक्कल चाटून त्यांना शुद्धीवर आणलं, आणि त्या गडबडीतच डॉक्टरांनी आपलं काम उरकून घेतलं.

मग डॉक्टरांनी ओट्यावर नळ्या मांडल्या. बाईंच्या चार, ताराचंदच्या चार. प्रत्येकीत दूध घालून वर निळ्या औषधाचा थेंब टाकला आणि हलवलं. सगळ्या नळ्या आकाशी झाल्या. घमेल्यात कोमट पाणी करून त्यात नळ्या उभ्या केल्या.

"आता तासभर हात लावू नका," ते म्हणाले. "साय वर येऊ द्या."

तेवढ्यात समोरच्या यमुताईंनी त्यांना चहाला हाक मारली. यमुताईंकडे लग्नाची पुतणी होती आणि तरुण डॉक्टरला चहाला बोलावण्यामागचा हेतू त्यांनी फारसा लपवलाही नव्हता. डॉक्टर गेले.

पंचफुलाबाई घमेल्यापासून हलल्या नाहीत. आणि तासाभरात त्यांच्या डोळ्यांदेखत नवल घडलं. त्यांच्या नळ्यांतलं दूध खाली पांढरंशुभ्र होत गेलं आणि सगळा निळा रंग वर सायीत जाऊन बसला. चारही नळ्यांना गर्द निळा काठ, इंदुरी लुगड्याला असतो तसा. ताराचंदच्या नळ्या मात्र वरपासून खालपर्यंत नुसत्या मळक्या निळ्या.

बाईंनी मग गप्प बसावं, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती माणसं बाईंना ओळखत नाहीत. त्यांनी फाटकातून हाका मारायला सुरुवात केली. "या वं या! पाहा! डाक्टरची तपासणी हाय. काठ पाहा माह्या दुधाचा! अन् हे पाहा ताराचंदचं. आहे काठ? पाणी टाकल्यावर काठ कुठून येईन?"

सगळी गल्ली जमली. भाडेकरीण आली आणि न विचारताच म्हणाली की आपल्याला ते दूध नेहमीच दाट वाटत आलंय. ताराचंदची बायको येऊन पाहून, मान खाली घालून परत गेली. नत्थूजी खरवसाचं ताट घेऊन वाटत फिरत होते आणि मनातल्या मनात हिशोब करत होते, कारण या खेपेला वडी बोटभर बुटकी झाली होती.

"गडूभर चीक होता," ते बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले. "मंग गेला कुठी?"

"तुमाले खायचंच पडलं हाय," बाई म्हणाल्या. "इथी आपलं नाव होऊन राहिलं."

डॉक्टर चहा पिऊन आले, घमेल्यापाशी वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पास न, बापू?" बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"मावशी, आत चला जरा."

"आत कायले? इथीच सांगा. आपली माणसं हाय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मावशी, हे वर्तुळ म्हणजे रोगाची खूण. शिपाई गावात कधी येतात? दंगा झाल्यावर. दुधात ते इतके आहेत, म्हणजे गाईंच्या अंगात रोग येऊन गेला, किंवा अजून आहे. तुमच्या चारही गाईंना."

यमुताईंनी हातातली खरवसाची वडी हळूच ओट्यावर ठेवली, मग उचलून मागे लपवली, आणि मग पुन्हा ठेवली.

पुढचं डॉक्टर सांगत गेले ते बाईंना लांबून कोणीतरी बोलावं तसं ऐकू येत होतं. गाईंचं रक्त तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. त्या तपासणीचं औषध वेगळं, ते बाहेरगावाहून यायचंय, महिना तरी जाईल. तोवर दूध विकू नका, उकळून फेका. लाडी आणि तिचं वासरू या चौघींपासून दूर ठेवा, नाहीतर त्यांनाही लागेल.

अशी बातमी पसरवायला ताराचंदला काडीचेही कष्ट पडले नाहीत. पंचफुलाबाईंनी स्वतः हाका मारमारून साक्षीदार गोळा केले होते. त्याच संध्याकाळी निम्म्या गल्लीच्या किटल्या ताराचंदच्या दारात गेल्या, आणि महालातली गिऱ्हाइकं नत्थूजींची सायकल कोपऱ्यावर दिसली की दार लावून घ्यायला लागली. बाई रोज दूध काढत, उकळत आणि मोकळ्या प्लॉटवर नेऊन ओतत. ओतताना त्या तोंड फिरवून उभ्या राहत. प्लॉटवरची कुत्री आठवडाभरात अशी गुबगुबीत झाली की एरवी बाई पोट धरून हसल्या असत्या.

पण त्या हसत नव्हत्या, आणि याहून वाईट म्हणजे त्या बोलत नव्हत्या. नत्थूजींना आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटलं, आणि मग भीती वाटायला लागली. शेवटी घरात कोणीतरी काहीतरी ठरवायला हवं होतं, म्हणून त्यांनी आयुष्यात प्रथमच ठरवलं.

एका सकाळी त्यांनी चौघींना दावणीतून सोडलं आणि गळ्यात दोर बांधले.

"कुठी?" बाईंनी विचारलं.

"पांजरपोळात. महिनाभर कोण थांबते? तोवर लाडीले लागलं तं? वासराले लागलं तं?" नत्थूजी गाठ आवळत म्हणाले. "चारी जाईन तं एक तं वाचन. मले का खुशी हाय वं?"

ते खरं होतं. त्यांनी चंद्रीच्या गळ्यातली घंटा काढून घेतली. पांजरपोळात इतक्या गाईंमध्ये घंटेचं काय काम? घंटा हातात घेऊन त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. गल्ली पुन्हा जमली होती, या वेळी न बोलावता. ताराचंदही आला होता, चेहऱ्यावर दुःख आणून.

"भल्या माणसांच्याच नशिबी असं येते भाऊ," तो नत्थूजींना म्हणाला. "गिऱ्हाइकाची चिंता नका करू. मी पाहून राहिलो नं."

नेमकी तेव्हाच डॉक्टर मधुसूदन यांची स्कूटर आली. दोर बांधलेल्या गाई बघून ते गडबडीने उतरले.

"हे काय नत्थूजी? कुठे निघालात? थांबा, मला यात काहीतरी चुकतंय असं वाटतंय. तुम्हा दोघांच्या रक्ताचा निकाल आलाय. त्यात काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" बाईंच्यातली जुनी बाई क्षणभर जागी झाली. "आमचं रक्त का बिनकामाचं हाय?"

"तसं नाही मावशी, चांगलं आहे. त्यात शिपाई नाहीत, म्हणजे तुम्हाला रोग लागलेला नाही. पण चार आजारी गाईंमध्ये इतकी वर्षं राहून तुम्हाला काहीच कसं नाही, तेच मला समजत नाही. शिवाय चारही नळ्यांत अगदी सारखं वर्तुळ. असं कधी होत नाही." डॉक्टर कपाळ चोळत स्वतःशीच बोलत राहिले. "नुकती व्यालेली गाय असती तर गोष्ट वेगळी. निरोगी गाईच्या चिकातसुद्धा आई वासरासाठी इतके शिपाई पाठवते की कधीकधी ही तपासणी फसते, फुकटचं वर्तुळ उमटतं. म्हणून तर मी लाडीचं दूध घेतलंच नाही. पण या चौघी तर कधीच्या व्यालेल्या."

पंचफुलाबाईंच्या हातातली घंटा वाजली. लक्ष कोणाचंच गेलं नाही.

फुकटचं वर्तुळ. गाईंना काही झालेलंच नव्हतं. जे झालं होतं ते त्या गडूतून झालं होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य काय होतं? मी दुधात टाकलं. आयुष्यभर जे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कधी निघू दिलं नाही, ते आपल्याच तोंडून, ताराचंदसमोर, त्या भाडेकरणीसमोर काढायचं? त्यापेक्षा गप्प राहिलं तर निदान नाव राहतं. रोग काय, कोणाच्याही गाईला होतो. रोगाने कोणाची अब्रू जात नाही. मिसळल्याने जाते.

"महिनाभर तरी थांबा," डॉक्टर नत्थूजींना म्हणत होते.

"वासरू नाही थांबत महिना," नत्थूजी म्हणाले आणि त्यांनी दोर ओढले.

मोहरी निघाली, ढवळी निघाली, कपिली निघाली. चंद्री निघाली नाही. तिने मान वळवून बाईंकडे पाहिलं, आपली घंटा कुठे आहे ते पाहावं तशी. नत्थूजींनी तिच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा ती दोन पावलं गेली. गोठ्यातून लाडी हंबरली आणि चंद्रीने पुन्हा मान वळवली.

"थांबा!" पंचफुलाबाई ओरडल्या. "मीनं टाकलं होतं! दुधात मीनं टाकलं होतं!"

नत्थूजींच्या हातातला दोर सुटला.

"काय टाकलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी," ताराचंद म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की दुःखाचा चेहरा त्याला सांभाळताच आला नाही. "शेवटी पाणीच निघालं न!"

"पाणी म्हणशीन तं जीभ हासडून हाती देईन!" बाई त्याच्या अंगावर धावल्या. "चीक! लाडीचा चीक टाकला. अर्धी अर्धी बाटली. हा डाक्टर म्हणे शिपाई पाह्यचे हाय, तं मीनं म्हटलं, पाहा बापू, पोटभर पाहा. मले काय मालूम, शिपाई असले का नापास होते म्हणून!"

डॉक्टर मधुसूदन मटकन ओट्यावर बसले. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि मग आपण त्या संध्याकाळी घाई केली नसती तर हे झालंच नसतं, हे आठवून त्यांचे कान लाल झाले. नत्थूजींनी फक्त मान डोलावली. इतके दिवस छळणारा गडूचा हिशोब एकदाचा लागला होता.

पण ताराचंद ऐकणाऱ्यातला नव्हता. "चीक टाका का पाणी टाका," तो गल्लीकडे वळून म्हणाला, "टाकलं तं टाकलंच नं! इतके वर्षं मोठी शुद्ध दुधाची म्हणून फिरून राहिली होती."

बाईंचे डोळे भरले होते, पण मान खाली गेली नाही.

"हो, टाकलं," त्या म्हणाल्या. "एकदा टाकलं, अन् चारचौघांत सांगतलं. आता तू सांग गा. तू रोज काय टाकतं?"

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर ऐकायचं होतं. तेवढ्यात डॉक्टर अगदी सरळ मनाने म्हणाले, "बरं आठवलं. ताराचंदजी, तुमच्या नळ्यांचा निकाल मला लावताच आला नाही. वर्तुळ सायीत उमटतं, आणि तुमच्या दुधावर साय आलीच नाही. तुमचं पुन्हा घ्यावं लागेल. या खेपेला मी गोठ्यात उभा राहून, डोळ्यांसमोर काढलेलं घेईन."

मग मात्र गल्ली हसली. भाडेकरीण सगळ्यात मोठ्याने हसली. ताराचंदला एकाएकी घरी काम आठवलं.

तपासणी तिथेच पुन्हा झाली. घमेलं आलं, कोमट पाणी आलं. डॉक्टरांनी स्वतः समोर उभं राहून चौघींचं दूध काढून घेतलं. त्या तासात कोणी घरी गेलं नाही. यमुताईंनी सगळ्यांना चहा दिला, डॉक्टरांचा कप पुतणीच्या हाती पाठवून. पंचफुलाबाई घमेल्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि सायीवर नजर रोखून होत्या. मागच्या वेळी काठ उमटावा म्हणून बसल्या होत्या, या वेळी उमटू नये म्हणून.

साय वर आली. पांढरी, कोरी, खाली सगळं निळं.

"पाहा," डॉक्टर म्हणाले. "काहीच नाही. रक्ताचं औषध आलं की तेही बघू, पण मावशी, माझी आता खात्री आहे. यांच्यात काहीच नाही."

बाईंनी चंद्रीच्या गळ्यात घंटा बांधली. बांधताना गाठ बसेना, कारण त्या रडत होत्या. गल्ली बघत होती आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फाटकाशी किटल्यांची रांग लागली. कोणी मागचा विषय काढला नाही, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. फक्त यमुताईंना नव्हती. किटली पुढे करून त्या बाईंच्या कानाशी लागल्या.

"पंचफुलाबाई, पुतणीची तब्येत जरा नाजूक हाय. चिकात येवढे शिपाई राहते म्हणता, तं पुढच्या वेळी गाय व्याली का थोडा टाकत जा नं आमच्याही दुधात. कोणाले सांगत नाही मी."

नत्थूजींनी सायकल भिंतीला टेकवली, मध्यस्थीची वेळ आली असं समजून.

पंचफुलाबाईंनी माप खाली ठेवलं, पदर खोचला आणि पार गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यमुताई, माह्या दुधात काहीच नसते! डाक्टरले इचारा!"

आणि यमुताईंचा रतीब बंद झाला.